वहीत ‘दिल्या’ असं लिहिलेल्या गोळ्या

(अलिबाग येथे सहाय्यक सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘गरोदर मातेची जीवनसत्त्वं आणि नवजात बाळाची प्रतिकारशक्ती’. पत्र वाचलं तेव्हा वाटलं, हा डॉक्टरांचा विषय, माझ्याकडे कसा आला? मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केलेली समाजसेविका. पण पेण आणि अलिबाग तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर मी 18 वर्षं जाते आहे. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आणि वाडीवरच्या आज्यांनी जे शिकवलं, तेच आज सांगणार आहे. आणि सुरुवातीलाच एक कबुली द्यायची आहे.

मागच्या वर्षी आपल्या वार्तापत्रात आपण छापलं होतं, की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक गरोदर मातेच्या हातात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पडल्या. ते खोटं नव्हतं. गोळ्या सरकारी असतात, उपकेंद्रात फुकट मिळतात. आपलं काम मातेला तिथवर नेण्याचं आणि नोंद ठेवण्याचं. वही मीच भरली होती. प्रत्येक नावापुढे मी ‘दिल्या’ असं लिहिलं आणि बाजूला अंगठा घेतला.

त्या वहीत पेण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या मुलीचं नाव होतं. मुलगी म्हणते, कारण वय 19. दुसरं बाळंतपण, पाचवा महिना. नवऱ्याने गणपतीत उचल घेतली होती, त्यामुळे जाणं चुकणार नव्हतं. फेब्रुवारीत भट्टीवरून फोन आला. आठव्या महिन्यातच बाळ झालं, वजन दीड किलोच्या आसपास. सहाव्या दिवशी ते दूध ओढेना, अंग गार पडलं. मुकादमाने गाडी देईपर्यंत रात्र झाली. दवाखान्यात सांगितलं की रक्तात जंतू गेले आहेत. नवव्या दिवशी बाळ गेलं.

शिमग्याच्या आधी मी तिच्या घरी गेले. ती भट्टीवरच होती, सासू घरी होती. सासूने काही न बोलता कुडाच्या वर वाशात खोचलेली पिशवी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. सगळ्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. एकही पाकीट फाडलेलं नव्हतं.

मी विचारलं, “आजी, का नाही नेल्या तिने?”

आजी म्हणाली, “ताय, त्या गोल्यांनी काली शी होते, पोटात ढवलतं. आन पोर पोटात मोठा झाला तर अडंल ना? आमची बाय अडली तर न्यायला गाडी हाय का तुझ्याकडं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही पूर्ण नाही.

तिने गोळ्या घेतल्या असत्या तर बाळ वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. तसं कुणीच सांगू शकत नाही. दिवसभर विटा वाहणं, कमी वय, थंडीत ताडपत्रीखाली झालेलं बाळंतपण, उशिरा मिळालेली गाडी, यांतलं कुठलं कारण किती मोठं होतं ते मला माहीत नाही. पण माझ्या वहीतला ‘दिल्या’ हा शब्द त्या बाळाच्या काही उपयोगी पडला नाही, एवढं मला कळलं. म्हणून या वर्षी मी आकडे घेऊन आलेले नाही.

आता मूळ विषयाकडे येते. आपण म्हणतो, बाळ जन्मलं की त्याला लस द्यायची, मग ते रोगाशी लढेल. लस हवीच. जन्मल्यावर लगेच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ‘ब’ची लस द्यायची असते, आणि कावीळ ‘ब’ची तर 24 तासांच्या आत. पण बाळाची पहिली ढाल त्याच्या आधीच तयार होत असते, आईच्या पोटात. आईच्या रक्तात जे संरक्षक घटक असतात, ज्यांना प्रतिपिंडं म्हणतात, ते वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. थोडे आधीपासून उतरतात, पण खरा साठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो, आणि त्यातही शेवटच्या काही आठवड्यांत. आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ हा साठा अर्धवट घेऊन येतं. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधा जंतूही भारी पडतो.

याचा पुरावा आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी वाडीवर नवजात बाळं धनुर्वाताने जायची. बाळाला जन्मल्यावर लस देऊन हे थांबलं नसतं, कारण रोग पहिल्या काही दिवसांतच गाठत असे. गरोदरपणात आईला इंजेक्शन दिलं, आईच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली, ती बाळात उतरली, आणि त्याच्या जोडीला स्वच्छ पात्याने नाळ कापली जाऊ लागली. 2015 साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. आईच्या दंडावर टोचलेल्या सुईने बाळ वाचतं, हे पटायला आणखी काय हवं?

बायबल शिकवताना मी एक गोष्ट अनेक वर्षं नुसती वाचून पुढे जात होते. अलीशिबेला सहावा महिना असताना मरिया डोंगराळ भागातल्या तिच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. म्हणजे नेमके तेच शेवटचे तीन महिने. आपल्या वाड्यांवरच्या बायका या तीन महिन्यांत कुठे असतात? भट्टीवर. आणि आपण कुठे असतो? नाताळच्या तयारीत.

जीवनसत्त्वांचं काम यात काय, ते आता सांगते. अंगातल्या पांढऱ्या पेशी, ज्या जंतूंशी लढतात, त्या सतत नव्याने तयार होत असतात. नवीन पेशी घडवायला फॉलिक अ‍ॅसिड आणि ‘बी-12’ लागतं. ‘अ’ जीवनसत्त्व नाक, छाती आणि आतड्यांची आतली कातडी धड ठेवतं. जंतू शिरतात ते याच वाटेने. ‘ड’ जीवनसत्त्व हाडांबरोबर या लढणाऱ्या पेशींच्याही कामी येतं. लोह हे जीवनसत्त्व नव्हे, खनिज आहे, पण गोळी एकच असल्यामुळे आपण सगळं एकत्रच बोलतो. आईच्या अंगात हे कमी असेल तर बाळ आपल्या वाट्याचं बरंचसं ओढून घेतं, पण आईकडेच नसलं तर ओढणार कुठून?

फॉलिक अ‍ॅसिडचा शोध लागण्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, हे फार थोड्यांना माहीत आहे. 1928 साली डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मार्गारेट बाल्फोर या मातामृत्यूंची चौकशी करत होत्या, त्याच कामात विल्सबाई सामील झाल्या. त्यांनी औषधाच्या बाटलीआधी बायकांच्या ताटात काय आहे ते पाहिलं. स्वस्त यीस्टचा अर्क, ब्रेडला लावून खातात तो मार्माइट, दिल्यावर या बायकांचं रक्त वाढतं, हे त्यांनी 1931 साली छापून प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय आहे ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 साली तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिन भाषेतल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. आपल्या लाल गोळीत आज ते असतं. प्रत्येक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते.

पान म्हटल्यावर मला आमच्या आज्या आठवतात. पहिला पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी गोळा करायला त्या रानात जातात. आम्ही शिकलेल्या लोकांनी ‘रानातलं काय खाता’ म्हणून त्यांना हिणवलं, ही आणखी एक कबुली. हिरव्या पानांत फॉलिक अ‍ॅसिड असतंच. फार वेळ उकळून पाणी ओतून दिलं तर त्यातलं बरंच जातं, एवढंच सांगावं लागतं. शिवाय आपण समुद्राकाठी राहतो. जवळा, सुकट, मांदेली, खाडीतली चिंबोरी यांत ‘बी-12’ असतं, जे कुठल्याही पालेभाजीत नसतं. जवळा सालासकट खाल्ला जातो, म्हणून त्यातून कॅल्शियमही मिळतं.

‘बी-12’ किती महत्त्वाचं आहे ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासातून कळलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ‘बी-12’ कमी होतं. फॉलिक अ‍ॅसिड मात्र जवळजवळ कुणालाच कमी नव्हतं. ज्या बायका दूध, फळं आणि पालेभाज्या वारंवार खात होत्या, त्यांची बाळं अंगाने भरलेली होती. ती शेतकरी कुटुंबं होती, मांसमच्छी क्वचित खाणारी. आपली कातकरी बहीण वाडीवर असते तेव्हा तिला खाडी आहे आणि रान आहे. भट्टीवर गेली की दोन्ही सुटतं. तिथे भात, मिरचीचं पाणी आणि चहा. आठवड्याच्या बाजारात कधीतरी सुकट. म्हणजे पोटातल्या बाळाला सगळ्यात जास्त गरज असते, त्या महिन्यांत आईचं ताट सगळ्यात रिकामं असतं.

आफ्रिकेतल्या गांबिया देशात असंच घडतं, फक्त तिथे उपासमार पावसाळ्यात असते. तिथल्या काही गावांची 1949 पासूनची जन्ममृत्यूची नोंद तपासली, तेव्हा 1997 साली एक धक्कादायक गोष्ट पुढे आली. भुकेच्या दिवसांत जन्मलेली माणसं लहानपणी इतरांसारखीच होती, पण तरुण वयात ती कितीतरी जास्त प्रमाणात मरत होती, आणि बहुतेक संसर्गाने. शास्त्रज्ञांनी तर्क केला की पोटात असतानाच त्यांची प्रतिकारशक्ती अपुरी घडली असावी. बांगलादेशात असाच शोध घेतला, तिथे मात्र हे दिसलं नाही. म्हणून मी ते तुमच्यापुढे सिद्ध झालेलं सत्य म्हणून ठेवत नाही. पण ऑक्टोबरात आमची माणसं ट्रकमध्ये चढताना पाहते, तेव्हा गांबिया आठवतो.

आता थोडं कटू बोलते, रागावू नका.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या भेटी म्हणून एका मंडळीने आपल्याकडे टॉनिकच्या बाटल्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची खोकी पाठवली. फार प्रेमाने पाठवली होती. मी ती वाडीवर न्यायला निघाले होते. वाटेत उपकेंद्राच्या नर्सबाई भेटल्या, त्यांनी खोकं उघडायला लावलं. काही बाटल्यांची मुदत संपलेली. एका डबीत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या ताकदीच्या गोळ्या. नर्सबाई म्हणाल्या, “ताई, ही गोळी नवीन गरोदर बाईने रोज खाल्ली तर बाळात व्यंग येऊ शकतं. परत न्या.” ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर गरोदर बाईला रातांधळेपणा येतो, हे खरं. पण सरसकट प्रत्येक गरोदर बाईला ते द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. जिथे ही कमतरता गंभीर आहे, फक्त तिथे, आणि तेही मापाने, दिवसाला 10,000 युनिटपर्यंत. नेपाळमध्ये 1999 साली छापलेल्या एका मोठ्या प्रयोगात ‘अ’ जीवनसत्त्वाने मातांचे मृत्यू बरेच कमी झाल्याचं दिसलं, सगळीकडे आनंद झाला. मग घाना आणि बांगलादेशात तेच करून पाहिलं, तिथे फरक पडला नाही. जीवनसत्त्व म्हणजे प्रसाद नव्हे की थोडं जास्त झालं तरी चालेल.

नुसतं चांगलं खाणं दिलं तरी काय होतं, तेही मुंबईत पाहिलं गेलं आहे. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 ते 2012 या काळात झोपडपट्टीतल्या बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमने वाढलं. गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला. पण ज्या बायका मुळातच फार हडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं दिसलं नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले. आमच्या बहुतेक माता त्याच गटातल्या. त्यांना मुळात पोटभर जेवणच कमी पडतं, आणि गोळी त्या जेवणाची जागा घेत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या, देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी असल्याचं आढळलं, आणि 180 दिवस गोळ्या घेतलेल्या होत्या फक्त 26 टक्के. म्हणजे वाशात पिशवी खोचणारी आजी एकटी नाही. आपल्या मंडळीतल्या किती सुनांनी सगळ्या गोळ्या संपवल्या, ते आपण घरी गेल्यावर विचारूया.

मग आम्ही काय बदललं? पहिलं, वही. ‘दिल्या’ हा रकाना काढला. आता दर पंधरवड्याला रिकामी पाकिटं मोजतो. रिकामी पाकिटं आणणाऱ्या मातेला अंडी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू देतो. लाच म्हणा हवं तर, नर्सबाई हसतात, पण पाकिटं येतात. दुसरं, सासूला आधी भेटतो, सुनेला नंतर. काळी शी होते ती लोहामुळे, त्यात धोका काही नाही, हे सासूने सांगितलं की सून ऐकते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, लिंबू पिळून, चहाबरोबर कधीच नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र नाही, मध्ये काही तास जाऊ द्यायचे. आणि पोर मोठं होऊन अडेल या भीतीला आम्ही आता अडाणीपणा म्हणत नाही. दोन तालुक्यांतल्या रिक्षा आणि जीपवाल्यांचे नंबर आम्ही वाडीच्या भिंतीवर रंगवून घेतले आहेत. रात्रीची फेरी झाली तर भाडं मिशन देईल, हे सहाय्यकांच्या पैशातून चालतं.

तिसरं, चीक. बाळंतपणानंतरचं पहिलं पिवळसर दूध काही घरांत अजून पिळून टाकतात आणि बाळाच्या तोंडाला गुळपाणी लावतात. पोटातल्या साठ्यानंतर आईकडून येणारी ही दुसरी ढाल, आतड्याला आतून लेप देणारी, आणि ती पहिल्या तासात मिळाली पाहिजे. यात एक सुईण आजी आमच्यापेक्षा जास्त काम करते. ती सांगते, गायीच्या वासराला कोणी चीक पाजायचं ठेवतं का, मग बायच्या पोराला का ठेवता?

आणि चौथं, भट्टी. इथे आम्ही अजून चाचपडतो आहोत. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बायकांच्या पदराला बांधून देतो, कारण ते दाखवलं तर जवळच्या उपकेंद्रात आणि अंगणवाडीत तिला गोळ्या, इंजेक्शन आणि शिधा मिळायला हवा. काही ठिकाणी मिळतो, काही ठिकाणी ‘तुमच्या गावात घ्या’ असं ऐकावं लागतं. म्हणून कोणीतरी बरोबर जावं लागतं. शिकलेलं माणूस शेजारी उभं असलं की तीच खिडकी उघडते, हे लाजिरवाणं असलं तरी असंच आहे. मागच्या हंगामात आम्ही महिन्यातून एकदा चार भट्ट्यांवर जाऊ शकलो. भट्टीमालकांपैकी एकाने आत येऊ दिलं नाही. दुसऱ्याच्या बायकोने स्वतः चहा केला आणि विचारलं की माझ्या सुनेलाही हे कार्ड मिळेल का.

ती पेण तालुक्यातली मुलगी पुन्हा गरोदर आहे. तिसरा महिना संपत आला आहे. या वर्षीही उचल घेतलेली आहे, आम्ही ती फेडण्याबद्दल बोललो, पण नवऱ्याने मान हलवली. भावाचीही उचल त्यातच आहे. सासू मात्र या वेळी बरोबर जाणार आहे. गोळ्यांची पिशवी तिने स्वतःच्या कमरेला लावायची ठरवली आहे, आणि दर रविवारी पाकीट मोजून घ्यायला कोणीतरी येईल का, असं मला विचारलं आहे.

या हंगामात बाटल्या पाठवू नका. माणसं पाठवा. दिवाळीनंतरच्या प्रत्येक दुसऱ्या रविवारी उपासना संपली की इथूनच जीप निघेल, संध्याकाळी सातपर्यंत परत. ड्रायव्हर आणि मी धरून पाच जागा भरल्या आहेत. दोन रिकाम्या आहेत. नाव पाळकसाहेबांकडे द्यायचं, आणि येताना घरून काही आणायचंच असेल तर एक डझन अंडी आणि अर्धा किलो सुका जवळा.